नळ, नल आणि सोळा वर्षं

वांद्रे पूर्वेला कलेक्टर ऑफिसच्या आसपास फुटपाथवर टायपिस्ट बसतात. पूर्वी तिथे म्हणे नुसता टाइपरायटरचा खडखडाट असायचा. मी गेले तेव्हा, म्हणजे २०२२ च्या जुलैत, ताडपत्रीखाली लॅपटॉप होते, प्रिंटरला प्लास्टिकची पिशवी घातलेली होती, आणि ताडपत्रीच्या पोटात साठलेलं पाणी एक पोऱ्या अधूनमधून काठीने ढोसून रस्त्यावर ओतत होता. माझा नंबर लागला ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. "काय करायचंय?" "गॅप सर्टिफिकेट." "पासिंग?" "२००६, बी.एस्सी." "आणि आता?" "एम.एस्सी. आयटी." त्यांनी बोटं मोजली नाहीत, पण ओठ हलले. "सोळा. मोठा आहे गॅप." एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर बोलतात तो सूर. मग विचारलं, "मधे काय केलंत?"

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. सोळा वर्षं सांगायला घ्यायची तरी कुठून? मागे उत्पन्नाचे दाखलेवाले, जातीचे दाखलेवाले, सगळ्यांच्या ओल्या छत्र्या माझ्या चपलांवर गळत होत्या. शेवटी त्यांनीच प्रश्न सोडवला. "नोकरी नाय ना? मग घरीच." आणि तयार मजकुरात माझं नाव आणि दोन सालं बसवून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर कागद काढून दिला. मी सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की, सन २००६ ते सन २०२२ या कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही व मी घरीच होते. खाली, माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या शिक्षेची आठवण. नोटरीचा लाल शिक्का. मी सही केली. आता कायद्याने बघायचं तर त्यात एक खोटं होतंच, कारण त्यातली सात वर्षं मी हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या होत्या. पण ते मला सही करताना आठवलंही नाही. मला टोचत होतं वेगळंच. तो 'घरीच'मधला च.

'घरी होते' ही माहिती आहे. पत्ता सांगितल्यासारखी. 'घरीच होते' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुपारची झोप, टीव्हीवरची मालिका आणि वाळत घातलेले पापड येतात. मराठीत हा एकाक्षरी च मोठा अन्यायी आहे. 'तू केलंस' आणि 'तूच केलंस' यांत एक अक्षर जास्त, पण तेवढ्यावर घरं मोडतात. आणि त्या गृहस्थांचा तरी काय दोष? त्यांचा च अगदी निरागस होता. सगळ्या गॅपवाल्यांना ते तेच वाक्य लावत असणार. दादरला गाडी बदलताना, फलाट आणि पायदान यांतल्या अंतराकडे लक्ष द्यायला सांगणारी ती नेहमीची बाई कानावर पडली. एरवी मी ती ऐकतही नाही.

तो च मुलुंडपर्यंत माझ्याबरोबर आला.

एम.एस्सी. आयटीच का, आणि आत्ताच का, हे मला पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर मी दर वेळी वेगळं दिलं, कारण खरं उत्तर फार क्षुल्लक होतं. आमच्या सोसायटीचं खजिनदारपद कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं. बेचाळीस बिऱ्हाडं, मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पाण्याची मोटर, वॉचमनचा पगार. आधीच्या खजिनदारांची वही होती, तीत पावत्या टाचण्यांनी लावलेल्या. मी ते सगळं एक्सेलमध्ये घातलं. आधी नुसत्या बेरजा, मग सूत्रं, मग एका शीटवरून दुसऱ्या शीटमधलं नाव शोधून आणणं. रात्री अकराला भांडी आवरून बसले की एक कधी वाजला कळायचं नाही. ऑडिटर म्हणाले, "हे कुणाकडून करून घेतलंत?" त्या प्रश्नाचा आनंद मी दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ला. बस, एवढंच. बाकी करिअर वगैरे मी फॉर्मवर लिहिण्यापुरतं.

कॉलेज दादरच्या बाजूला, वर्ग शनिवारी-रविवारी. पहिल्या दिवशी हजेरी झाली, सर एक नाव दोनदा पुकारून पुढे गेले, आणि पुढची चार नावं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती मीच. मार्कशीटवर माहेरचं आडनाव होतं. सोळा वर्षांत त्या आडनावाने मला कुणी हाक मारली नव्हती. हात वर करून म्हटलं, "सर, मी आहे." पुढच्या बाकावरच्या दोन मुली वळून हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. पुढे त्यांतलीच एक मला 'ताई' म्हणायला लागली, तिचं बघून सगळा वर्ग. मुलं-मुली बावीस-तेवीसची. कुणी ऐरोलीला कंपनीत, कुणी रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला, शेवटच्या बाकावर डोकं टेकून घोरणारा. मी त्याच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलची पानं क्रमाने लावून द्यायचे आणि तो माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचा. हा व्यवहार शेवटपर्यंत कुणी बोलून न दाखवता चालला.

लॅपटॉप नवऱ्याच्या ऑफिसातून भंगारभावात मिळालेला. त्यावर व्हर्च्युअल मशीन चालू केलं की पंखा आमच्या मिक्सरसारखा ओरडायचा. मेमरी वाढवायला लॅमिंग्टन रोडला गेले, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. दुकानदाराने नखाएवढ्या जागेत दोन क्लिपा सरकवून आठ जीबीची पट्टी बसवली, पाच मिनिटांत. घरी येऊन वाचत बसले तर कळलं, याच मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः संगणक बांधला होता, १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं. त्याच्या स्मृतीत चाळीस-चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावायचे. वहीच्या कडेला गुणाकार केला. दहा केबी. माझ्या लॅपटॉपमधली पट्टी त्याच्या आठ लाखांहून जास्त पट. आणि तेवढ्या दहा केबीत त्या लोकांनी खरीखुरी शास्त्रीय गणितं सोडवली, माझ्या आठ जीबीत मात्र ब्राउझरच्या सतरा खिडक्या उघड्या. थोडी लाज वाटली. मग अठरावी उघडली.

हे अप्पांना सांगायला हवं होतं, असं तेव्हा फार वाटलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात बँकांत यंत्रं येऊ घातली तेव्हा ते काळी फीत लावून कामाला जायचे, संगणक आला की नोकऱ्या जाणार म्हणून. १९८३ साली युनियनशी करार झाला आणि पुढे शाखाशाखांत एएलपीएम नावाची लेजरची यंत्रं आली. त्यांतलं पहिलं यंत्र शिकायला अप्पांनाच पाठवलं, आणि ते गेले. यावर त्यांना छेडलं की म्हणायचे, "विरोध तत्त्वाला होता, मशीनला नव्हता." त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, तीही लग्नानंतर पहिल्याच वर्षी, भिशीचा हिशेब जुळेना तेव्हा. "फरक किती येतोय? दोनशे सत्तर? नवाने भागून बघ. भाग गेला ना? मग कुणीतरी आकडे उलटे मांडलेत. ४५२० चे ४२५०." आणि तसंच निघालं. शेजारशेजारचे दोन अंक इकडचे तिकडे झाले की फरकाला नवाने भाग जातोच. वर्षअखेरीच्या क्लोजिंगला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून काही पैशांचा फरक शोधणाऱ्या पिढीचं हे हत्यार. पुढे सिक्युरिटीच्या पेपरला चेक डिजिट, म्हणजे चूक पकडायला शेवटी जोडलेले अंक, शिकवले तेव्हा मी वहीत आधी 'अप्पा' असं लिहिलं आणि मग व्याख्या. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या रीतीने. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तरी ती पकडते. अप्पांचा नऊ एवढं सगळं पकडत नव्हता. पण त्याला वीज लागत नव्हती.

अभ्यासाची माझी वेळ पहाटेची. आमची बिल्डिंग जुनी, पालिकेचं पाणी सव्वाचारला येतं आणि सहाच्या सुमाराला जातं, टाकीचा भरवसा नाही. तेव्हा स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवून, पिंप भरताना येणारा आवाज ऐकत, ओट्यावर लॅपटॉप. पिंप भरत आलं की आवाज बारीक होत जातो, ती माझी घंटा. अशाच एका पहाटे डेटाबेसचं छोटं प्रोजेक्ट करत होते. माहिती दुसरीकडून कुठून आणणार? सोसायटीचीच घेतली, नावं बदलून. मेंटेनन्स भरल्याची तारीख असा एक रकाना, ज्यांनी भरला नाही त्यांचा रकाना रिकामा, म्हणजे नल. थकबाकीदार शोधायचे म्हणून क्वेरी लिहिली: जिथे तारीख बरोबर नल, ती घरं दाखव. उत्तर आलं, शून्य घरं. आमच्या सोसायटीत एकही थकबाकीदार नाही! तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याकडे चार महिन्यांचं येणं होतं आणि जे लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जातात, तेसुद्धा चोख. एरर नाही, लाल अक्षर नाही, तक्रार नाही. क्वेरी आपली शहाण्या चेहऱ्याने शून्य दाखवून बसलेली. तासभर डोकं खाजवलं. पिंप भरून वाहायला लागलं, पाणी हॉलपर्यंत गेलं, आणि आई, म्हणजे सासूबाई, उठून आल्या.

"अगं, काय चाललंय काय? नळ!"

"हो ना आई, नलच. नलमुळेच अडलंय सगळं."

त्यांनी आधी नळ बंद केला आणि मग माझ्याकडे बघितलं. दोघी फरशी पुसायला बसलो. मी त्यांना समजावलं की हा नल म्हणजे रिकामी जागा, माहीत नसलेली गोष्ट. नल शून्य नाही, कोरी चिठ्ठीसुद्धा नाही. तो कशाच्याच बरोबरीचा नसतो, दुसऱ्या नलच्यासुद्धा नाही, कारण दोन गोष्टी माहीत नसल्या तर त्या एकमेकींसारख्या आहेत असं कसं म्हणणार? म्हणून 'बरोबर नल' असं विचारलं की यंत्र ना हो म्हणतं ना नाही, म्हणतं माहीत नाही, आणि ती ओळ सोडून देतं. 'इज नल' असं वेगळंच विचारावं लागतं. हे मी त्यांना सांगता सांगता मलाच कळलं, फडकं पिळता पिळता. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नळराजासारखं. समोर उभा आहे, पण तो तो नाही."

नळराजाची गोष्ट मला माहीत होती ती हंसापुरती. पुढचं आईंनी सांगितलं. राज्य जुगारात घालवून, दमयंतीला रानात सोडून नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे राहिला, बाहुक नाव घेऊन, रूप बदललेलं. घोडे सांभाळायचा, स्वयंपाक करायचा. मग दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे असा निरोप आला, आणि ऋतुपर्ण निघाला विदर्भाला, सारथी कोण तर नळच. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्ण धावत्या रथातून म्हणाला, या झाडाला इतकी पानं, इतकी फळं. नळाने रथच थांबवला. झाड तोडलं आणि मोजत बसला. आकडा बरोबर निघाला! मग आपली अश्वविद्या देऊन त्याने राजाकडून ती मोजणीची विद्या घेतली, आणि तिच्याच जोरावर पुढे फासे टाकून राज्य परत मिळवलं. "मेला, बायकोचं स्वयंवर राहिलं बाजूला आणि हा पानं मोजतोय," आई म्हणाल्या आणि फडकं बादलीत टाकून निघून गेल्या. मी ओल्या फरशीवर बसून राहिले. धावत्या रथातून झाडाची पानं सांगायची, म्हणजे दोन-चार फांद्यांवरून अख्ख्या झाडाचा अंदाज बांधला असणार. त्याच महिन्यात आम्हांला सॅम्पलिंग होतं. आणि त्या घोडे धुणाऱ्या, भाजी फोडणीला टाकणाऱ्या नळाकडे कुणी गॅप सर्टिफिकेट मागितलं असतं तर अयोध्येच्या टायपिस्टने काय लिहिलं असतं, हेही मनात आलं. राजवाड्यातच होते.

डेटा सायन्सच्या प्रॅक्टिकलला पुढे या रिकाम्या जागांचं रीतसर प्रकरण आलं. कुठलीही खरी माहिती घ्या, तिच्यात भोकं असतात. ती कशी बुजवायची? एक, ज्या ओळीत भोक आहे ती अख्खी ओळच काढून टाकायची. दोन, बाकीच्यांची सरासरी काढून तिथे भरायची. तीन, आधीच्या ओळीत जे आहे तेच खाली उतरवायचं. मुलं एका ओळीच्या कोडने हे पटापट करत होती आणि तक्ता कसा गुळगुळीत दिसायला लागत होता. सरासरी भरली की तक्ता भरतो, पण माणसं एकमेकांसारखी व्हायला लागतात, पसारा आकसतो, हे सरांनीही सांगितलं. मला त्या तिन्ही रीती ओळखीच्या वाटल्या. माझ्या स्टॅम्प पेपरवर दुसरी वापरली होती. सगळ्या गॅपवाल्यांची सरासरी: घरीच.

ज्याने हे तक्त्यांचं सगळं शास्त्र रचलं तो एडगर कॉड, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला इंग्रज, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. त्याचा मूळ लेख १९७० चा. नलवरून त्याच्याशी पुष्कळांनी वाद घातला. तर १९९० च्या आपल्या पुस्तकात त्याने म्हटलं की रिकाम्या जागा एका जातीच्या नसतात, दोन खुणा ठेवा. एक, किंमत आहे पण आपल्याला ठाऊक नाही. दुसरी, ती किंमत इथे लागूच होत नाही. माणसाचा फोन नंबर माहीत नसणं वेगळं आणि त्याच्याकडे फोनच नसणं वेगळं. बाजारातल्या डेटाबेसनी हे मनावर घेतलं नाही, एकाच नलवर सगळ्यांची बोळवण केली. आणि डोनाल्ड रुबिन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये तिसरीच पंचाईत मांडली होती: काही जागा रिकाम्या राहतात त्याचं कारण त्या जागेत जे असायला हवं होतं त्यातच असतं. ज्याला सांगावंसं वाटत नाही तोच नेमका रकाना सोडतो. हे मी चौथ्या सीटवर, अर्ध्या मांडीवर बसून वाचलं. समोरच्या बाईने मटाराच्या शेंगा सोलता सोलता माझ्या पुस्तकात डोकावून बघितलं, म्हणाली, "परीक्षा आहे?" मी हो म्हटलं. तिने चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

खरं तर मला अप्पांविषयी लिहायचं होतं, आणि मी कॉडपाशी रेंगाळतेय.

२०११ च्या डिसेंबरात अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लेक तेव्हा अडीच वर्षांची, घरात एक बोलायला शिकत होती आणि एकजण बोलणं विसरला होता. अप्पांकडे एकच आवाज उरला, 'हं'. पाणी हवंय का? हं. नको? हं. पहिले काही महिने आम्ही सगळे वेडे झालो. मग कान तयार झाला. तुटका 'हं' म्हणजे हो. लांबवलेला, शेवटी खाली जाणारा, म्हणजे नाही. आणि तिसरा एक होता. तो म्हणताना ते खिडकीकडे बघायचे, आवाज मध्येच सुटायचा. तो ना हो असायचा ना नाही. आठ वर्षांत मला तिसरा 'हं' कळला नाही. २०१९ मध्ये ते गेले. वर्गात सरांनी फळ्यावर तक्ता काढला, खरं, खोटं, अज्ञात, आणि 'अज्ञात आणि खोटं' याचं उत्तर खोटं, पण 'अज्ञात आणि खरं' याचं उत्तर अज्ञातच, असं भरत गेले. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. कारण मला आठवत होत्या त्या दुपारी, शिकवणीची मुलं यायची वेळ, गॅसवर दूध, लेकीची रड, आणि अप्पांचा तो तिसरा 'हं'. घाई असली की मी तो 'नाही'त जमा करायचे. काही नकोय त्यांना, असं स्वतःला सांगून दार ओढून घ्यायचे. दर वेळी नाही. पण पुष्कळदा. क्वेरीसुद्धा हेच करते, अज्ञात आलं की ओळ सोडून देते. पण तिच्या तशा वागण्याला नियम तरी असतो.

सरांनी विचारलं, "ताई, डाउट?" मी मान हलवली. त्यांना ती कोणत्या अर्थाची वाटली कोण जाणे.

परीक्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाच पेपर, पाठ दुखणं, लिहायची सवय गेलेली बोटं. एका विषयात केटी, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा देणं, लागता लागता वाचले. पहिल्या सत्राच्या मध्यावर, २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि जानेवारीपर्यंत वर्गातल्या सगळ्या असाइनमेंट एकाच शहाण्या आवाजात बोलायला लागल्या. मीही एकदा वापरून पाहिलं. काय सुंदर लिहिलं होतं! माझ्यापेक्षा फारच नीट. ते तसंच दिलं असतं तर चाललं असतं, आणि दिलं नाही यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. लेक पलीकडून म्हणाली, "आई, हे तू लिहिलेलं वाटतच नाही, यात एकही 'म्हणजे' नाहीये." दुसऱ्या वर्षी तिची दहावी आणि माझं शेवटचं सत्र एकदम आलं. एकाच टेबलावर दोघी, मध्ये एक टेबललॅम्प, तो कुणाकडे वळवायचा यावरून भांडणं. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधायला टाकलं तेव्हा सोनेरी अक्षरांतलं नाव तिने चारदा तपासलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला की माहितीतल्या रिकाम्या जागांचं काय केलंत? मी म्हटलं, आधी त्या का रिकाम्या आहेत ते घरोघरी जाऊन विचारलं. ते हसले. पुढचा प्रश्न त्यांनी सर्व्हरविषयी विचारला, तो मला आला नाही.

निकाल लागला. मग पदवीवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचा मेळ बसेना, म्हणून पुन्हा प्रतिज्ञापत्र. माहेरच्या नावाची बाई आणि सासरच्या नावाची बाई ही एकच व्यक्ती आहे, असं. २०२४ चा पावसाळा, तीच ताडपत्री, काठीवाला पोऱ्या मात्र चांगला उंच झालेला. तेच गृहस्थ. त्यांना मी आठवणं शक्यच नव्हतं. मजकूर तयार होता, त्यांनी आधार कार्ड समोर टेकवून टाइप करायला घेतलं. वय घातलं. व्यवसाय या रकान्यापाशी थांबले.

"गृहिणीच ना?"

"रिकामं ठेवलं तर?"

"रिकामं नाय चालत. परत पाठवतात."

मला हसू आवरेना. नॉट नल. तक्ता बनवताना काही रकान्यांना आपणच ही अट घालतो: इथे काहीतरी भरलंच पाहिजे, नाहीतर ओळ आत घेणार नाही. मी म्हटलं, "खजिनदार, शिकवण्या, असं काही लिहिता येईल?" त्यांनी पडद्यावरच्या त्या चौकोनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तेवढी जागा नाय ओ त्यात." खोटं नव्हतं. चौकोन खरंच लहान होता. बरं, गृहिणी लिहा, म्हटलं. त्यांनी ते आधीच लिहून टाकलं होतं.

प्रिंट निघाली. नोटरीकडे न्यायच्या आधी मी उभ्या उभ्या वाचली. नाव बरोबर, दुसरं नाव बरोबर, पत्ता बरोबर. आधार क्रमांकापाशी नजर अडखळली. मधल्या चार अंकांत सहा-तीन होतं, तिथे तीन-सहा पडलं होतं.

"काका, हे दोन उलटे झालेत."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कार्ड धरलं, कागद धरला, अंकाअंकावरून बोट फिरवलं. दुरुस्त करून दुसरी प्रत काढली आणि पहिली फाडता फाडता पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"लगेच दिसलं तुम्हाला. बँकेत होता काय?"

"नाही," मी म्हटलं. "घरीच होते."